काविळीचा पिक्चर

‘नवरीला जरा उजळ करा’ हे वाक्य मी भोरमध्ये जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. नवरा कॅमेरा घेऊन वेल्ह्यापासून वरंध घाटापर्यंत लग्नं करत फिरायचा आणि मी दुकानात कॉम्प्युटरपुढे बसून मिक्सिंग करायचे. मिक्सिंग म्हणजे नको ते कापायचं, हवी ती गाणी घालायची आणि रंग नीट करायचे. मुलीकडचे आले की नवरी उजळ, मुलाकडचे आले की नवरा उजळ. एका घरच्यांनी तर वरातीतला घोडाही थोडा पांढरा करून मागितला होता. मी दातओठ खात करायचे, पण करायचे. मला राग लवकर येतो हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक असल्यामुळे गिऱ्हाईकाशी बोलायचं काम नवऱ्यानं स्वतःकडे ठेवलं होतं.

त्या दिवशी नेमका तो दुकानात नव्हता. आषाढ चालू होता, लग्नांच्या तिथी संपल्या होत्या, आणि हिरो आला.

हिरो म्हणजे कोण ते सांगते. एस.टी. स्टँडच्या बाजूला त्याचं सिमेंट-पत्र्याचं मोठं दुकान आहे, गणपती मंडळाचा तो अध्यक्ष आहे, पण माझ्या तोंडी त्याचं नाव हिरोच. बारा वर्षांपूर्वी त्यानं एका पिक्चरमध्ये हिरोचं काम केलं होतं. त्या पिक्चरचा कॅमेरा माझ्या दादानं चालवला होता. हिरोनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून सात व्हिडिओ कॅसेटी काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती.

“मंडळाला पंचवीस वरसं व्हत्यात. गणपतीत हा पिक्चर दावायचा हाय, पडद्यावर,” तो म्हणाला. “रंग तेवढा नीट कर. तुझ्या भावानं घाण केली, आता तूच निस्तर.”

वर हसला. मी त्याला तिथंच हाकलायला हवं होतं. पण त्या कॅसेटी मला बारा वर्षांत पहिल्यांदा हाताला लागत होत्या. मी म्हटलं, “ठेवा. आन् परत माझ्या भावाचं नाव काढायचं न्हाई हितं.”

तो पुन्हा हसला आणि गेला.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत एक मारधाडीचा हिंदी पिक्चर भोरच्या टॉकीजला आला होता. दादा आणि त्याच्या मित्रांनी तो अकरा वेळा पाहिला. सगळे बावीस ते सव्वीस वयाचे बाप्ये, कुणी ट्रकवर, कुणी शेतात, कुणी बापाच्या दुकानात, पण त्या पिक्चरपायी खुळे झाले होते. भोरच्या राजवाड्यात त्या काळी खऱ्या पिक्चरांचं शूटिंग चालायचं. तिथं गर्दीत उभं राहून यांनी कॅमेरा, लाइटी, चकाकणारे पत्रे बघितले आणि ठरवलं, तोच पिक्चर आपण करायचा, मराठीत, आपल्या मुलखात. ज्याच्या घरी रंगीत टीव्ही तो हिरो झाला. कॅमेरा एका फोटोवाल्याकडून मिळाला. तो चालवणार कोण, तर माझा दादा. कारण त्याचा हात थरथरत नसे. ट्रक चालवणारा माणूस, हात दगडासारखा स्थिर.

फोटोवाल्यानं दादाला अर्ध्या तासात शिकवलं. हे बटण दाबलं की चालू, हे फिरवलं की जवळ. आणि एक गोष्ट त्यानं तीनदा बजावली. रोज काम सुरू करायच्या आधी कॅमेऱ्यापुढं पांढरं कापड धरायचं आणि एक बटण दाबायचं. त्यानं कॅमेऱ्याला त्या दिवसापुरतं कळतं की पांढरं कशाला म्हणायचं. मग तो बाकीचे रंग त्यावरून लावतो. दादानं हे आम्हाला घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “मेल्याला पांढरं सुदीक दाखवाया लागतंय व्हय!”

आमचं घर उत्रोलीत. ते भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी शूटिंग करत. आंबवड्याच्या झुलत्या पुलावर मारामारी झाली, विंझरच्या बाजारात हिरो टोपल्यांवरून उड्या मारत पळाला, उत्रोलीच्या भातखाचरांच्या बांधावर गाणं झालं. गाण्यात हिरॉइन नव्हती, कारण कुणाच्या घरची मुलगी येणार? हिरो एकटाच बांधावरून हात पसरून धावला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मला शूटिंगला न्यायचे नाहीत. मी घरी बसून फुगायचे.

दिवाळीत व्हीसीआर भाड्यानं आणून हिरोच्या घरच्या रंगीत टीव्हीवर पिक्चर पहिल्यांदाच लावला. ओसरीवर, अंगणात, भिंतीवर माणसं बसली होती. आम्हीही गेलो होतो. पहिला सीन सुरू झाला आणि सगळं पिवळं. आभाळ पिवळट, पुलाखालचं पाणी हळदीचं, भाद्रपदातलं हिरवंगार भात कापणीला आल्यासारखं, आणि माणसं तर विचारूच नका. कुणीतरी ओरडलं, “आरं, समद्यांना कावीळ झालीया!” त्यानंतर पिक्चर कुणी पाहिलाच नाही. लोक हसत होते. व्हिलन मेला तेव्हाही हसले. हिरोचं तोंड पडलं होतं आणि त्याला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. तो उठला आणि सगळ्यांसमोर दादाला म्हणाला, “तुला दिसत न्हवतं का रं?”

दादा खरं बोलला. तीच चूक झाली. तो म्हणाला, “मला कसं दिसंल? कॅमेऱ्याच्या भोकातनं समदं काळं-पांढरंच दिसतंय.”

आज मला ठाऊक आहे की त्या काळच्या कॅमेऱ्यांचं तसंच होतं. डोळा लावायच्या भोकात चित्र काळं-पांढरंच यायचं आणि कॅसेटवर रंगीत उतरायचं. पण तिथं बसलेल्या कुणाला हे माहीत नव्हतं. अंगणभर माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कॅमेऱ्यात काळं-पांढरं दिसतं तर टीव्हीवर रंगीत कसं आलं? याचा अर्थ त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लावला. कॅमेरा बरोबर आहे, याचे डोळेच बिघडलेले आहेत. याला रंग दिसतच नाहीत. फोटोवाला तिथं असता तर एका वाक्यात मिटलं असतं. पण त्याला कुणी जाऊन विचारलं नाही, आणि पुढच्याच महिन्यात तो दुकान बंद करून मुंबईला भावाकडे गेला.

तेव्हापासून पिक्चरला नाव पडलं काविळीचा पिक्चर, आणि माझ्या भावाला काविळ्या.

नाव पडण्याचं मला एवढं काही नाही. आमच्याकडे प्रत्येकाला काही ना काही नाव असतंच. पण हे नाव त्याच्या आत शिरलं. त्याला लाल लाल दिसायचं, हिरवं हिरवं दिसायचं, तरी तो गोंधळला. एका डॉक्टरकडे कंपाउंडर असलेला त्याचा एक मित्र होता. त्यानं शहाणपणा पाजळला की रंगांधळ्या माणसाला आपण रंगांधळे आहोत हे कळतच नसतं, जन्मापासून तो जे बघतो त्यालाच हिरवं म्हणत आलेला असतो. झालं. यावर कुणी काय बोलणार? तुम्ही म्हणालात मला हिरवं दिसतं, तर तो म्हणणार, तुला वाटतं तसं. त्या कंपाउंडरच्या मी आजपर्यंत मनातल्या मनात किती कानफटात वाजवल्या असतील याचा हिशेब नाही.

दादा दुकानातून शर्ट आणायचा तर वहिनीला बरोबर न्यायचा. भात पिवळं पडतंय का, रोग पडलाय का, हे शेजाऱ्याला बांधावर बोलावून विचारायचा. ट्रक त्यानं सोडून दिला. पुढे टेम्पो घेतला, पण तो भोर-वेल्ह्यातच फिरवायचा. कापूरहोळच्या पुढे पुण्याकडे कधी नेला नाही, कारण पुण्यात सिग्नल. सिग्नलला वरचा दिवा कुठला आणि खालचा कुठला हे त्यानं पाठ करून ठेवलं होतं, तरी जायचा नाही. मी कितीदा म्हटलं, “दादा, डोळं तपासून घेऊ. पाच मिनिटांचं काम हाय.” तो म्हणायचा, “आन् खरंच निघालं म्हंजी?”

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण एस.टी.ची भरती निघाली होती. ड्रायव्हरची. दादाकडे बॅज होता, ट्रकचा अनुभव होता, शाळा पुरेशी झाली होती. त्यानं अर्ज भरला, त्याला बोलावणंही आलं. शेवटचं राहिलं होतं ते पुण्याला जाऊन अंग आणि डोळे तपासून घ्यायचं. तो सकाळी इस्त्रीचे कपडे घालून निघाला आणि दुपारी घरी परत. म्हणाला, गाडी चुकली. आई चार दिवस डोकं धरून बसली. मला खरी गोष्ट कळली ती दोन वर्षांनी, वहिनीकडून. गाडी चुकली नव्हती. कापूरहोळला तो गाडीतून स्वतःच उतरला. रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात आणि आकडा विचारतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तिथं नापास होऊन कागदावर शिक्का घेण्यापेक्षा तो चहा पिऊन उलट्या गाडीनं परत आला.

हे ऐकल्यापासून मी त्या हिरोच्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडे करून जायचे. त्याचा पिक्चर, त्याची हौस, आणि नोकरी गेली माझ्या भावाची.

मात्र एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मलाही वाटायचं की चूक दादाचीच होती. लग्नानंतर नवऱ्यानं मला कॅमेरा शिकवला, पांढऱ्या कापडाचं ते बटण शिकवलं, आणि तेव्हाच मला कळलं की रंग कॅमेऱ्यामुळे बिघडले, डोळ्यांमुळे नाही. पण मग मी ठरवून टाकलं की दादा रोज कापड दाखवायला विसरत असेल, किंवा बटण नीट दाबत नसेल. डोळे चांगले, पण माणूस हलगर्जी. हे मी त्याला सांगायचं धाडस केलं नाही. सांगून काय सांगायचं? ‘तू आंधळा नाहीस, बावळट आहेस’ असं?

तर सात कॅसेटी. बुरशी मऊ फडक्यानं पुसून, जुन्या व्हीसीआरला कॉम्प्युटर जोडून मी एकेक कॅसेट आत घ्यायला लागले. भोरला तेव्हा दिवसातले कितीतरी तास लाइट जायची. अर्धी कॅसेट झाली की अंधार. परत पहिल्यापासून. मी वीज मंडळाला, हिरोला, बुरशीला, सगळ्यांना शिव्या देत काम करत होते. पिवळं कमी करायला निळं वाढवायचं, निळं वाढलं की सावल्या जांभळ्या व्हायच्या, मग त्यांच्यासाठी वेगळं. लग्नाच्या कॅसेटीत मी चेहरे खोटे करायचे, इथं मला खरे करायचे होते, आणि खरं करणं किती अवघड ते मला त्या महिन्यात कळलं.

तिसऱ्या कॅसेटची सुरुवात मी नीट बघितली ती एका दुपारी. बाकीच्या कॅसेटी थेट सीननं सुरू होत होत्या. या कॅसेटला दादानं चुकून रेकॉर्डिंग आधीच चालू केलं होतं. पडदाभर एक कापड. ते धरणारा कुणाचातरी हात, मागे आंबवड्याच्या पुलाचा लोखंडी दोर. हात माणसाच्या रंगाचा होता. मागची झाडं हिरवी होती. आणि कापड निळं होतं. आभाळासारखं फिकं निळं. मग दादाचा आवाज आला, “हलवू नगंस, दाबतोय.” चित्र एकदा हललं, आणि कापड पांढरंशुभ्र झालं. हात पिवळा, झाडं पिवळी, दोर पिवळा.

मी ते मागे नेलं. पुन्हा पाहिलं. कापड निळं, हात बरोबर. बटण. कापड पांढरं, हात पिवळा.

दादा विसरला नव्हता. त्यानं रोज कापड दाखवलं होतं, रोज बटण दाबलं होतं, सांगितलं होतं तस्संच केलं होतं. कॅमेऱ्यानंही सांगितलं तेच ऐकलं. त्याला निळं दाखवून पांढरं म्हणायला लावलं, त्यानं म्हटलं, आणि बाकी सगळ्या जगातून तेवढं निळं काढून घेतलं. मागे राहिलं पिवळं. चूक ना दादाच्या डोळ्यांची होती ना हातांची. कापडाची होती.

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला आणि चहाचा कप सांडला. मग चित्र थांबवून मी ते कापड जवळून पाहिलं. एका कोपऱ्यात निळे ठिपके होते. चार-पाच, गडद, फुटलेल्या शाईसारखे. नीळ पाण्यात नीट विरघळली नाही आणि कपडा घाईनं बुडवला की असे ठिपके पडतात.

ते ठिपके मी पाडले होते.

दादा शूटिंगच्या पहिल्या रविवारच्या आधी माझ्याकडे आला होता. वडिलांच्या जुन्या धोतराचा एक तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाला होता, “बाई, हे लई पांढरं करून दे. कॅमेऱ्याला दावायचं हाय.” शूटिंगला मला नेत नाहीत म्हणून मी फुगलेली होते, आणि त्यानं मला एक काम दिलं होतं. मी ते धोतर साबणानं तीनदा धुतलं. मग बादलीत नीळ घातली. आमच्याकडे पांढऱ्याला पांढरं म्हणायचं ते नीळ घातल्यावरच. नीळ न घातलेला पांढरा कपडा घालून कुणी लग्नाला गेलं तर बायका नावं ठेवतात. नेहमीच्या कपड्याला चिमूटभर घालतात. हे तर पिक्चरचं कापड होतं, म्हणून मी पुडी रिकामी केली. वाळल्यावर तेवढं निळं झालं नाही असं वाटून दुसऱ्यांदाही बुडवलं. आई ओरडली होती, “ठिपकं पाडलंस बघ!” मी ठिपक्यांचा कोपरा आत घालून घडी केली. दर रविवारी ते मळून यायचं आणि दर शनिवारी मी ते पुन्हा धुऊन, पुन्हा निळीत बुडवून द्यायचे. दादा ते अंगणात उन्हात धरून म्हणायचा, “झकास!”

बारा वर्षं मी ज्यांच्यावर धुमसत होते त्या यादीत मी स्वतः कधीच नव्हते.

त्या दिवशी मी काम केलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले. तो म्हणाला, “पण तू पंधरा वर्षांची होतीस.” होते तर? पंधराव्या वर्षी लोकांची चूक काढायची अक्कल होती, आपली काढायची नव्हती का?

मग माझा राग नेहमीच्या वाटेनं गेला, म्हणजे दुसऱ्यावर. मी ठरवलं, हे सगळ्यांना कळलं पाहिजे. जिथं माझ्या भावाचं नाव घालवलं तिथंच परत मिळालं पाहिजे, गावासमोर, त्याच टग्यांसमोर. मी पेटून पिक्चर पूर्ण केला. भात हिरवं झालं. आंबवड्याच्या ओढ्याचं पाणी पावसाळ्यात असतं तसं गढूळ तपकिरी झालं. विंझरच्या बाजारातल्या टोपल्यांमधल्या मिरच्या लाल झाल्या. हिरो मधूनच एकदा बघायला आला. स्वतःचा चेहरा बघून म्हणाला, “रंग झकास काढलास, पर मला जरा उजळ कर की. मी एवढा काळा न्हवतो.”

“एवढंच व्हता,” मी म्हटलं. “आन् आता बी हायसा.”

तो रागावला, पण गणपती तोंडावर आले होते आणि भोरात दुसरं कुणी हे काम करणारं नव्हतं.

मी त्याला न सांगता पिक्चरच्या सुरुवातीला तो कापडाचा सीन जोडला. दोनदा. एकदा नेहमीच्या वेगानं आणि एकदा सावकाश.

मंडपात संध्याकाळी आरती झाल्यावर पिक्चर लागला. दादा आला नव्हता. जिथं त्या पिक्चरचं नाव निघतं तिथं तो जातच नसे. पडद्यावर निळं कापड आलं, दादाचा आवाज आला, कापड पांढरं झालं, हात पिवळा झाला. लोकांना काही कळेना. मी उठले, हिरोच्या हातातला माइक घेतला आणि बोलले. माझा आवाज चिरका आहे आणि रागात आणखी चिरका होतो. मी सांगितलं की कॅमेऱ्याच्या भोकात काळं-पांढरंच दिसायचं, कुणालाही, तुम्हालाही दिसलं असतं. माझ्या भावाला सांगितलं होतं ते त्यानं रोज बिनचूक केलं. कापडाला नीळ मी घातली होती. त्याच्या डोळ्यांना काही झालेलं नाही आणि कधी झालेलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी त्याला काविळ्या म्हटलं त्यांनी आता मला म्हणावं.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. हिरो माइक परत घेऊन म्हणाला, “चला, मिटलं एकदाचं! घाण व्हती ती घरातलीच निघाली.” लोक हसले. मग पिक्चर सुरू झाला आणि हिरवं भात आलं तेव्हा शिट्ट्या पडल्या. मी हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. मला वाटत होतं मी मैदान मारलं. घरी जाताना नवऱ्याला म्हटलंसुद्धा, आज बारा वर्षांनी मला पोटभर जेवण जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीडी घेऊन उत्रोलीला गेले. दादा टेम्पो धूत होता. मी त्याला ओढतच आत आणलं, टीव्हीपुढे बसवलं. वहिनी चुलीपाशी होती, तिलाही हाक मारली. मी लावलं आणि बघत राहिले, टीव्हीकडे नाही, त्याच्याकडे.

कापड निळं, हात बरोबर. “हलवू नगंस, दाबतोय.” कापड पांढरं, हात पिवळा.

मी भराभरा सगळं सांगितलं. नीळ, पुडी, ठिपके, दर शनिवार. मंडपात काय बोलले ते सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. “दादा, तुझं डोळं चांगलं हायत. पैल्यापास्नं चांगलं व्हतं. गावाला कळलं आता.”

“परत लाव,” तो म्हणाला.

मी लावलं. त्यानं तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा तो टीव्हीच्या जवळ जाऊन बसला आणि ज्या क्षणी रंग पालटतो त्या क्षणी त्यानं कापडावर बोट ठेवलं.

मग तो टीव्हीकडेच बघत म्हणाला, “म्हंजी म्या पास झालो असतो.”

मला हे सुचलंच नव्हतं. महिनाभर मी त्या कॅसेटीत डोकं घालून बसले होते, कोण कुठं काय बोललं, कुणाला काय सुनवायचं, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. पण तो इतकी वर्षं कशावर जगत होता याचा मी एकदाही विचार केला नव्हता. डोळे बिघडलेत, म्हणून नोकरी नाही मिळाली, देवानंच दिलं नाही, आपण काय करणार. यावर तो जगत होता. रोज पहाटे स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्या तो यावर बघत होता. आता मी येऊन सांगत होते की डोळे चांगले होते, ठिपक्यांचं पुस्तक त्यानं धडाधडा वाचलं असतं, आणि कापूरहोळला त्याला गाडीतून कुणी उतरवलं नव्हतं. त्याचं भरतीचं वय तर कधीच निघून गेलं होतं.

वहिनी पदरानं तोंड झाकून आत गेली.

“दादा, मला शिव्या घाल,” मी म्हटलं. “म्याच केलं हे. कानाखाली मार, काय बी कर.”

“तुला कशापायी?” तो म्हणाला. “तुला म्याच सांगितलं व्हतं, लई पांढरं करून दे म्हणून.” तो उठला. “जेवून जा. भाकरी झाल्यात.” आणि बाहेर जाऊन अर्धा धुतलेला टेम्पो धुवायला लागला.

मी जेवायला बसले. भाकरी मोडून ताटातच ठेवली. खिडकीतून तो दिसत होता. काच पुसत होता, पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा. हिरो माझ्यावर ओरडला असता तर मी दहा पट ओरडले असते. आई असती तर तिनं लाटणं उचललं असतं. दादा मला त्या दिवशी एक वाकडा शब्द बोलला नाही, आणि नंतरही कधी नाही. भाऊबीजेला येतो, पाटावर बसतो, ओवाळून घेतो, मुलांची चौकशी करतो. मला त्याचा इतका राग येतो की ताटातल्या निरांजनाची वात हलते.